घ्या, दाजी

हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला, तेव्हा भाषणं बरीच झाली, पण मला एकच गोष्ट कळली. आता बास्केटबॉलच्या राज्य स्पर्धेला आपली स्वतःची टीम जाणार. तोवर परभणीची टीम जायची आणि आमच्यातल्या एखाद्याला नेलंच तर बेंचवर बसवायला. राज्यात पहिल्या तीनात आलं की सर्टिफिकेट मिळायचं आणि त्यावर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता यायचा. मी भरतीच्या मैदानावर दोनदा धावलो होतो आणि दोन्ही वेळा थोडक्यात हुकलो होतो. येत्या जूनमध्ये माझं भरतीचं वय उलटणार होतं. माझ्यासाठी ही एकच स्पर्धा उरली होती. आई हळदीच्या कामावरून पिवळ्या हातांनी घरी यायची आणि विचारायची, "प्रेमा, औंदा होईल ना रं?" मी व्हय म्हणायचो.

जिल्ह्यात खेळाडू तीनच होते. बाकीच्यांना राग आला तर येऊ दे. हिंगोलीचा मी, वसमतकडच्या तांड्यावरचा जगन आणि जवळा बाजारजवळच्या तांड्यावरचा सुदाम. सहा वर्षं आम्ही एकमेकांविरुद्ध खेळलो होतो. माझा पुढचा अर्धा दात जगनच्या कोपरानं गेला, ते त्यानं अजून कबूल केलेलं नाही. आमचे कोच अमृतराव सर म्हणाले, "तुमी तिघं एका बाजूला आलात तर समोर कोण टिकतंय?"

समोरचे आरामात टिकले. पहिल्याच सरावाच्या सामन्यात कॉलेजच्या पोरांनी आम्हाला वीस पॉइंटनं धुतलं. तिघांनाही आयुष्यभर बॉल मागायची सवय, द्यायची कुणालाच नाही. आपापल्या टीममध्ये बाकीचे चार जण आम्हाला बॉल पुरवायलाच असत. आता पुरवणारं कोण? मी दिला की तो परत येत नसे, म्हणून मीही देणं बंद केलं. जगन तर तीन जण अंगावर घेऊन रिंगकडे बॉल फेकायचा आणि हुकला की आमच्याकडेच बघायचा. पंधरा दिवस असेच गेले.

टीम वाचवली ती सुदामच्या तोंडानं. एक दिवस तो म्हणाला, "मी बास्केट करत न्हाई. मी बॉल आणतो आन तुमाला देतो. पण चुकलात तर ऐकून घ्यायचं." आणि आम्ही ऐकलं. काय काय ऐकलं ते इथे लिहिता येणार नाही. मला मराठीत शिव्या आणि जगनला गोरमाटीत, त्या दोघांच्या बंजारा बोलीत. मला एक शब्द कळायचा नाही, पण जगनचे कान लाल व्हायचे आणि बॉल आमच्याकडे यायचा. जगन घरचा लाडका, वडील रतनसिंग जीपवाले. तांड्यावर त्याला कुणी 'ए' म्हटलेलं नव्हतं. तो फक्त सुदामला भ्यायचा. महिन्याभरात आम्ही असे खेळायला लागलो की विभागातल्या सगळ्या टीमा हरवून राज्य स्पर्धेत पोचलो. मी आईला छातीठोक सांगून टाकलं, नोकरी झाली समज.

विभागाच्या फायनलला जगन आणि सुदाम, दोघांचे वडील आले होते. सामना संपल्यावर चहाला एकत्र बसले, गोत जुळतात का पाहिलं आणि आठ दिवसांत सुदामच्या बहिणीची, शितलची, जगनशी सगाई झाली. लग्न मेमध्ये. आम्ही तिथे इतके नाचलो की माझा गुडघा सुजला. मला खराच आनंद झाला होता. आम्हाला वाटलं, आता टीम पक्की झाली.

दुसऱ्या दिवशी सरावाला सुदामनं बॉल आणला, जगनकडे टाकला आणि म्हणाला, "घ्या, दाजी."

आम्ही पोट धरून हसलो. सुदाम हसला नाही. जगन तीन जणांत घुसला, बॉल घालवून आला. सुदाम म्हणाला, "असू द्या." तेव्हा मात्र माझं हसणं थांबलं.

मी त्याला बाजूला घेतलं. "सुदाम, मैदानावर काहून दाजी करून राहिला? शिवी घाल त्याला."

"येडा हाय का तू? आमी पोरगीवाले हाओत. जावयाला शिवी घालू? उद्या तिला तिथं नांदायचं हाय."

जगनलाही मी बोललो. तो बिचारा स्वतः सुदामकडे गेला, म्हणाला, पहिल्यासारखं बोल ना. सुदाम मान हलवून "बरं, दाजी" म्हणाला. अमृतराव सरांनी दोघांना समोर उभं करून फर्मावलं, "चल, दे शिवी." सुदामनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. जमलंच नाही त्याला. जगन मागेल तेव्हा त्याला बॉल जायला लागला आणि जगन नेहमीच मागायचा.

राज्य स्पर्धा लातूरला होती. रतनसिंगकाका जीप भरून नातेवाईक घेऊन आले. आम्हा सगळ्यांना मटणाचे डबे आणले, माझ्या ताटात स्वतः वाढलं. माणूस वाईट नव्हता. पण मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायचा आणि ओरडायचा, "जगनला द्या!" सेमीफायनल आम्ही हरलो. आता तिसऱ्या नंबरचा सामना उरला होता.

तो सामना शेवटच्या आठ सेकंदांवर आला तेव्हा आम्ही एका पॉइंटनं मागे होतो. बॉल सुदामकडे. जगनला दोघांनी घेरलं होतं आणि त्यामुळे मी रिंगखाली एकटा. आसपास कुणी नाही. तिथून माझी आईसुद्धा बॉल टाकू शकली असती. मी दोन्ही हात वर केले. सुदामनं मला पाहिलं, अगदी डोळ्यात पाहिलं. मी ओरडलो, "सुदाम!" जगननंही हात वर केला, आणि कडेवरून आवाज आला, "जगनला!"

सुदामनं जगनला दिला. समोरच्यानं मधेच हात घातला, बॉल घेऊन पळाला. शिट्टी वाजली. आमचा चौथा नंबर आला. चौथ्याला सर्टिफिकेट मिळतं, पण भरतीत ते कुणी बघत नाही.

मी तिथेच खाली बसलो. मला सुदामला मारावंसं वाटत होतं. उठून गेलोही त्याच्याकडे. पण माझ्याआधी रतनसिंगकाका पोचले होते आणि मागे सगळे नातेवाईक.

"दोघांच्या मधात माझ्या पोराला बॉल दिला," ते गरजले. "काहून? समद्यांपुढं त्याला बदनाम करायला? पहिल्यापासून जळतो तू त्याच्यावर. अशा घरात सोयरीक करायची का, इचार करावा लागंल."

"चुकलं, मामा," सुदाम खाली बघत म्हणाला. जगन बुटाची नाडी सोडत बसला होता.

काका माझ्याकडे वळले. "प्रेमानंद, तूच सांग. मोकळा उभा व्हतास का न्हाई? मला तर खुर्चीवरून दिसलास."

सुदामनं मान वर केली. माझी नोकरी त्यानं घालवली होती आणि त्याला ते माझ्याइतकंच ठाऊक होतं. तो काही मागत नव्हता, नुसता बघत होता. मला त्याचा संताप आला होता, आणि सगाईत आमच्या पुढ्यात पेढे ठेवून हसणारी शितलही डोळ्यांपुढून जात नव्हती.

"न्हाई, काका," मी म्हणालो. "माझ्यावर माणूस व्हता. त्यानं बराबर केलं."