उपाशी पान

माझे बाबा फोटोग्राफर. गल्लीतल्या प्रत्येक घरात त्यांनी टिपलेलं कुणी ना कुणी भिंतीवर हसतंय, पण आमच्या घरात आईचा एकही फोटो नव्हता. तिचा सगळा जन्म रिफ्लेक्टर धरण्यात गेला. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं, आई बाजूला पांढरा पुठ्ठा तिरका धरून उभी राहायची, आणि गिऱ्हाइकाच्या गालावर मऊ उजेड पडायचा. "माझा नंतर काढा," म्हणायची. नंतर ते राहूनच गेलं.

ती गेल्यापासून चार महिने बाबा डार्करूममध्ये, फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत, बसून होते. स्टुडिओ कधीच बंद झालाय. खोलीत उरलंय काय, तर खिडकीवर चिकटवलेला काळा कागद, एक स्टूल आणि स्टुलावर बाबा. ताट आत जायचं आणि जवळजवळ तसंच बाहेर यायचं. त्यांच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती. हा माणूस असाच अंधारात विझून जाणार, असं वाटायचं. मग मी भांडी जरा जास्तच जोरात आपटायची.

एक दिवस त्यांना एका डब्यात तळहाताएवढी निगेटिव्ह सापडली. गिऱ्हाईक यायच्या आधी उजेड बघायला म्हणून आईला खुर्चीत बसवून काढलेली, कधी छापलीच नव्हती. काळा चेहरा, पांढरे केस. ओळखू येईना.

"दुकानात देते. पाच मिनिटांत छापून देतील," मी म्हटलं.

"ती घराबाहेर जाणार नाही."

घरातला फोटोपेपर केव्हाच खराब झालेला, फोटो मोठा करून छापायच्या एन्लार्जरचा दिवा गेलेला. मी वैतागले. मग म्हटलं, "पानावर छापू."

मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. पानावर काळी पट्टी लावून ते उन्हात ठेवायचा प्रयोग दरवर्षी मांडते. बाबा मला चिडवायला मास्तरीणबाई म्हणतात. बऱ्याच दिवसांनी तेव्हा म्हणाले.

"मास्तरीणबाई, पान म्हणजे काय फोटोपेपर आहे?"

"त्याहून जुना. ऊन पडलं की पान उन्हाच्या जोरावर पाणी फोडतं. त्यातला ऑक्सिजन सोडून देतं, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर करतं. ऊन जातं, पण त्याची ताकद साखरेत राहते. जास्तीची साखर स्टार्च करून पानातच ठेवून देतं. जिथे ऊन, तिथे स्टार्च. वरून आयोडीन टाकलं की तेवढंच काळंनिळं होतं."

"आणि जिथे ऊन पोचलं नाही तिथे?"

"तिथे कोरं."

बाबांनी निगेटिव्ह उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे आयोडीन हा तुमचा डेव्हलपर, चित्र वर आणणारा," ते म्हणाले.

एकच अट होती. पान आधी उपाशी ठेवायचं. दोन दिवस अंधारात राहिलं की ते आपलं साठवलेलं खाऊन संपवतं. नाहीतर जुना स्टार्च वर येतो आणि चित्राचा बट्ट्याबोळ होतो. रोप आईचंच होतं, मागच्या गॅलरीतलं जिरेनियम. मोठी पानं मोजून तीन, बाकी चिल्लर. मी ते आईच्या कपाटात ठेवणार होते, पण कपाट तिच्या कपड्यांनी भरलेलं आणि बाबा त्याला हात लावू देत नव्हते. मग रोप डार्करूममध्ये गेलं, बाबांच्या शेजारी.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी रोप दारातून माझ्या हातात दिलं. मी एका पानावर निगेटिव्ह ठेवली, वर काच, कडेला चिमटे. गॅलरीत ऊन पसरलं होतं. बाबा दारातूनच डोळे बारीक करून बघत होते. सगळं इतकं शांत होतं की पान आत काहीतरी रांधतंय आणि ते आता ऐकू येईल, असं मला वाटत राहिलं. दिवसभर मी त्या रोपाभोवती झोपेत असल्यासारखी वावरले.

संध्याकाळी पान खुडलं आणि गरम पाण्यात बुडवलं. मग स्पिरिटचं भांडं गरम पाण्यात ठेवून त्यात पान सोडलं. हिरवा रंग उतरला, पान फिकट पडलं. ते धुऊन बशीत पसरलं. आयोडीनची बाटली बाबांनी माझ्या हातातून घेतली आणि थेंब थेंब सोडलं.

पान काळं झालं. सगळंच्या सगळं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कपाळ नाही, डोळे नाहीत, काहीच नाही.

"असं होणारच नाही!" मी ओरडले. "दोन दिवस अंधारात होतं ते! मी स्वतः ठेवलं होतं!"

बाबांनी बाटली खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "मी खिडकी उघडली."

"काय?"

"कागद फाडला. रोप कोमेजल्यासारखं वाटलं गं. तुझी आई असती तर मला फाडून खाल्लं असतं, माझं रोप अंधारात का कोंडलंत म्हणून. दोन्ही दिवस सकाळी उघडली, तू शाळेतून यायच्या आत फळ्या ओढून घेतल्या."

मी डार्करूमकडे धावले. काळा कागद कोपऱ्यात चुरगळून पडला होता. खिडकीच्या फटीतून संध्याकाळचं ऊन थेट स्टुलावर आलं होतं. इतक्या वर्षांत मी त्या खोलीच्या भिंतींचा रंग पाहिला नव्हता. पिवळा होता. मला रागवायचं होतं, पण रडूच आलं.

बाबा मागे येऊन उभे राहिले.

"मोठी पानं अजून दोन आहेत ना?"

"आहेत."

"मग उद्या परत सुरू करू. पण रोप इथे नको. इथे आता ऊन येतं."

"मग कुठे ठेवू? घरात दुसरी अंधारी जागा नाही."

बाबांनी खिडकी पूर्ण उघडली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिचं कपाट रिकामं कर."