वरडून वाच

“मने, आज त्ये तिरकोनाचं नगं. कालची लढाई म्होरं वाच.”

शेजारच्या रानातून भाऊसोतात्यांची हाक आली तेव्हा मी आमच्या रानात पाखरं राखायच्या माळ्यावर उभी राहून भूमितीचं प्रमेय ठणाणा वाचत होते. मॅट्रिकची परीक्षा माझी, पण कोणत्या दिवशी कोणता विषय घ्यायचा हे ठरवणार तात्या. मी पुस्तक तोंडासमोर धरलं. प्रमेय आणखी मोठ्यानं वाचलं.

ही सगळी आईची करणी. बहात्तरच्या दुष्काळानंतर त्या साली पहिल्यांदाच शाळू कणसात भरला होता. वडील मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरलेले, ते चैत्राशिवाय परतायचे नाहीत. घरात आम्ही दोघीच. सकाळी वडूजची शाळा, दुपारपासून पाखरं राखायची. मी म्हटलं, मग अभ्यास कधी करू? आईला अक्षर येत नव्हतं, पण तोड तिच्याकडं तयार होती.

“वाच की. पर वरडून वाच. पाखरंबी उठत्याल, तुजंबी हुईल.”

तिला ते इतकं सरळ वाटलं की वाद घालायला जागाच उरली नाही. मग मी इतिहास ओरडले, भूगोल ओरडले, इंग्रजीची स्पेलिंगं ओरडले. ओरडून वाचलेलं डोक्यात कसलं शिरतंय? ते तोंडातून निघून थेट शिवारात जातं. लढाईची सालं तात्यांना पाठ झाली, मला नाही. वर ते बांधावर उभे राहून माझ्या चुका काढायचे. मी रडकुंडीला यायचे. शिकायचं म्हणजे कुठंतरी गप्प बसून आपल्यापुरतं काही मिळवायचं, असं मला वाटायचं. इथं माझ्या पुस्तकात अख्खं शिवार येऊन बसलेलं.

एका रविवारी मराठीचा धडा काढला. त्यात एका बाईचं तान्हं मूल तापानं जातं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीसारखी जात्यावर बसते, एवढंच. सुरुवातीच्या ओळी ओरडले, पुढं तोंडच उघडेना. मी खाली बसले आणि मनात वाचू लागले. पुस्तक पहिल्यांदाच माझं एकटीचं झालं. धडा संपला तसा परत सुरुवातीपासून वाचला. मान वर केली तेव्हा भोरड्यांचा थवा ओढ्याकडच्या कोपऱ्यातून उठत होता, आणि तिथली कणसं पार बोडकी झाली होती.

आई आली. कोपऱ्यात फिरून तिनं एकेक कणीस हातात धरून पाहिलं. मला वाटलं, आता मारणार. तिनं फक्त विचारलं, “वरडायला काय झालं हुतं?”

माझा इतक्या दिवसांचा वैताग एकदम बाहेर पडला. म्हटलं, सगळंच ओरडून वाचता येत नाही. तिला पटेना. एक वाचता येतं तर दुसरं का नाही, म्हणाली. मग मी चिडून तिला सगळा धडाच सांगितला. ती बाई, तिचं मूल, ताप, जातं. सांगता सांगता ध्यानात आलं. माझ्या पाठचा सिद्धू दुष्काळात खडी फोडायच्या कामावर असाच तापानं गेला होता. दुसऱ्या दिवशी आई खडीची पाटी घेऊन कामावर उभी होती. आमच्या घरात त्याचं नाव निघत नसे.

आईनं हातातलं बोडकं कणीस सोडून दिलं. मग पदरानं तोंड पुसलं.

“त्ये वरडून नगं वाचू,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संक्रांतीची सुट्टी होती. गावातल्या बायका सुगडांचं वाण घेऊन ओवसायला देवळाकडं निघाल्या आणि आई गोफण घेऊन माळ्यावर चढली. मला तिनं माळ्याखालच्या सावलीत बसवलं. तिथं काय कपाळ वाचणार? डोक्यावर तिच्या सारख्या हाळ्या, पानावर माती गळतेय, ओळ सुटतेय. मी वैतागून म्हटलं, जरा हळू. ती म्हणाली, हळू ओरडल्यावर पाखरं उठतात होय? दुपारी तिचा आवाज फाटला, दिवस कलता कलता पार बसला. तात्यांनी बांधावरून विचारलं, आज लढाई नाही का? तिनं नुसता हात हलवला.

खाली उतरली तेव्हा तिचे पाय आखडले होते. तिनं माझ्या हातातलं पुस्तक घेतलं. वाचलेली पानं चिमटीत धरून पाहिली, मग राहिलेली. वाचलेली अगदीच थोडी होती. तिला बोलायचं होतं, पण घशातून शब्द निघेना. शेवटी पुस्तक माझ्या मांडीवर आपटून ती तरातरा घराकडं चालू लागली.

पुढच्या रविवारी मी रानात गेले तर ती माझ्याआधीच माळ्यावर होती. आवाज अजून नीट परतला नव्हता. हातात रॉकेलचा रिकामा डबा आणि एक काठी. मला बघताच तिनं बोटानं खालची सावली दाखवली आणि डबा बडवायला सुरुवात केली.

सावलीतली ढेकळं वेचून बाजूला टाकली होती आणि तिथं पोतं अंथरलं होतं.