औषधाचं दूध

सासऱ्यानं भर पाहुण्यांसमोर घरजावयाला ठमी नावाची कालवड दिली, तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. जावयाला तर आभाळ ठेंगणं झालं. लग्न झाल्यापासून तो सासऱ्याच्या गोठ्यात राबत होता आणि सासरा त्याला अहोजाहो करत शेण काढायला लावत होता. "जावईबापू, तेवढं गटार तुंबलंय," असं. त्यापेक्षा शिवी परवडली असती. आता ही ठमी मोठी होईल, वील, दुधाला लागेल, मग तिच्या जोरावर बायकोला घेऊन वेगळं बिऱ्हाड करायचं, एवढंच त्यानं मनाशी धरलं आणि बायकोच्या कानावर घातलं.

सासऱ्यानं वर दूधही दिलं. एखाद्या गाईला दगडी झाली, म्हणजे कास सुजून कडक झाली, की तिच्या सडात औषधाची ट्यूब सोडतात. ट्यूब चालू असेपर्यंतचं दूध डेअरी घेत नाही. ते गटारात ओतण्यापेक्षा तुमच्या ठमीला पाजा, म्हणाला. अशा दुधाला तोटा नव्हता, कारण दुधातल्या गुठळ्या गेल्या की हा शहाणा ट्यूब अर्ध्यावर बंद करायचा आणि दगडी पुन्हा उलटायची. जावई बादल्या भरभरून पाजायचा. ठमी बादली चाटूनपुसून साफ करायची आणि फेसाळलेलं तोंड त्याच्याच शर्टाला पुसायची. आपली कालवड कशी तुकतुकीत दिसते, याचा त्याला भारी तोरा.

सासऱ्याची स्वतःची वासरं मात्र थोरलीच्या दुधावर वाढत होती. थोरली म्हणजे गोठ्यातली सगळ्यात दुधाळ गाय, सासऱ्याचा जीव की प्राण. तिची धार सगळ्यात आधी काढायची, आजारी गाईंची शेवटी, आणि प्रत्येक गाईनंतर हात साबणानं धुवायचे, नाहीतर दगडी हातानं पसरते, असा त्याचा कडक नियम होता. हे सगळं जावयाच्या डोळ्यांदेखत चाललं होतं, पण फुकटच्या दुधापायी त्याची अक्कल चरायला गेली होती.

पुढं ठमी मोठी होऊन व्याली आणि तिची कास दगडासारखी झाली. सडातून दुधाऐवजी पिवळं पाणी आणि रक्त यायला लागलं. नुसता हात लावला तरी बिचारी थरथरायची. गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी एक औषध दिलं, ते बदलून दुसरं दिलं, शेवटी नमुना तपासायला पाठवला. मग एका दुपारी त्या गोठ्यात आल्या आणि कुठलंच औषध लागू पडणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. लहानपणी हिला काय पाजलं, असं त्यांनी विचारलं. त्यानं सांगितल्यावर बाईंनी कपाळाला हात लावला. त्या दुधात दगडीचे जंतू होते आणि थोडं थोडं औषधही होतं. जंतू औषधाला सरावले, आता त्यांना ते पाण्यासारखं आहे, म्हणाल्या.

"वासरांना हे दूध पाजू नका, असं मी तुमच्या सासऱ्यांना तेव्हाच बजावलं होतं. तुम्हाला बोलले नाहीत?"

तो तसाच घरात गेला. सासरा दाढी करत होता, जावयाची बायको बापापुढे गरम पाण्याचा तांब्या ठेवत होती. जावयानं दुधाचं विचारलं. सासऱ्यानं आरशातून नजरही काढली नाही.

"बोललो असतो, तर ठमी दुधाला लागली असती आणि तुम्ही वेगळे झाला असता, जावईबापू. मग माझा गोठा कुणी बघितला असता?"

बायकोनं मान खाली घातली. तिलाही ठाऊक होतं, हे त्याला तिथंच कळलं. ठमीला न्यायला उद्या गाडी येईल, असं सासऱ्यानं गालाला साबण लावता लावता सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आधी ठमीजवळ बसला. तिला दुखत होतं, तिनं पाय झाडले, हंबरडा फोडला. त्याला तिची दया आली, तरी त्यानं चारही सड घट्ट पिळून काढले. बोटं चिकट झाली. मग उठून तो थोरलीकडे गेला. रोजच्या सवयीनं थोरलीनं मागचा पाय बाजूला घेऊन त्याला जागा करून दिली.

घरातून सासऱ्याचा आवाज आला. "जावईबापू, हात धुतले ना?"

"धुतले, मामा," तो म्हणाला आणि त्यानं थोरलीचा सड धरला.