मधली पट्टी

गोकुळदासांनी गवत कापायच्या मशीनची दोरी ओढायला हात घातला, तशी त्यांची बायको शेवंती पुढे आली आणि झुडपांना पाठ लावून खाली बसली. पदर तिने कमरेला घट्ट खोचला होता.

“उठ गे. कलमांचे खड्डे मारूक दुपारी माणसां येतली.”

“संजनाची पाखरां धरूची जाळी आसत आत. ती काढीपर्यंत थांबा.”

“गेल्या वर्षीय असाच म्हटलंस. आज काय गावला नाय तर?”

“तर मी आड येवचंय नाय.”

गोकुळदासांनी दोरी सोडली आणि काजूच्या सावलीत जाऊन बसले.

सर्वणची ती बागायत देवरायेला लागून होती. एकेकाळी देवरायेपासून वरच्या डोंगरापर्यंत सलग रान होतं, असं सासरे सांगायचे. मग मध्ये काजू आले, दरवर्षी खालची झुडपं साफ होऊ लागली आणि देवराय एकटी पडली. देवापुढे दिवा लावायला गेलं की शेवंतीला तीन बाजूंनी शामा पक्षी गाताना ऐकू यायचे. पुढे दोन राहिले. यंदा एकच. दिवा लावून झाल्यावरही ती कितीतरी वेळ थांबली होती.

“तो सावलीतला पक्षी आहे, मावशी,” फोंड्याहून आलेल्या संजनाने काही वर्षांपूर्वीच तिला समजावलं होतं. संजना पक्ष्यांचा अभ्यास करायची. “उडता येतं त्याला, पण उघड्यावर यायला धजत नाही. बाहेरून नवीन कोणी येत नाही, आतलं बाहेर जात नाही. हळूहळू संपतात.”

त्या वर्षीपासून शेवंतीने देवरायेपासून बागेच्या कुंपणापर्यंतच्या पट्ट्यात कोयता लावू दिला नाही. चांदाड्याची रोपं वर आली, किंदळ आले, करवंदं माजली. गळलेले काजू त्यात हरवू लागले. गावातले विचारत, शेवंतीवहिनी जंगल पिकवतात काय? ती हसायची आणि पुढे चालू लागायची. पण त्या पट्ट्यात लावलेल्या जाळ्यात बुलबुल यायचे, सातभाई यायचे. शामा कधीच आला नाही.

आतून संजनाची हाक आली. शेवंती उठली. गोकुळदासही मागोमाग गेले.

संजनाच्या मुठीत एक पाखरू होतं. तपकिरी, आखूड शेपटीचं. छातीवर ठिपके.

“ह्यो खंयचो शामा?” गोकुळदास म्हणाले. “शामा काळो आसता. आणि देवरायेतल्यांच्या पायात तू वळखीची कडी घातलंस मा? ह्याच्या पायात काय नाय.”

“नसणारच, काका.” संजनाने पाखराचं पोट शेवंतीकडे वळवलं. “हे शामाचंच पिल्लू आहे. घरट्यातून नुकतंच बाहेर पडलंय. लांब उडताच येत नाही त्याला.”

“मगे देवरायेतसून आयला कसा?”

“नाही आलं. इथेच जन्मलंय.”

शेवंतीने बोट पुढे केलं आणि न लावताच मागे घेतलं. तिने पाखरांना जायला वाट ठेवली होती. त्यांनी तिथे बिऱ्हाड केलं होतं.

संजनाने मूठ उघडली. पिल्लू जवळच्या करवंदीत घुसलं. वरून कुठूनतरी मोठ्या शामाचा चिडका टकटक आवाज आला आणि थांबला.

गोकुळदासांनी खिशातून फोन काढून मुलाला लावला.

“विशाल, खड्डे खालच्या बाजूक मारूया. होय, वयर नको. माणसां आल्यार सांगतंय.”

शेवंती पट्ट्याच्या वरच्या टोकाला गेली होती. तिथे कुंपण होतं. कुंपणापलीकडे तिच्या दिराची, पांडुरंगाची बाग. एकही झुडूप नसलेली, अंगणासारखी लख्ख. त्या बागेपलीकडे डोंगराचं रान सुरू होत होतं. तिने ते अंतर नजरेने मापलं आणि पायांत चपला सरकवल्या.

“खंय चललंस?”

“भावजींकडे. त्यांकाय पाखरांका वाट सोडूक सांगून बघतंय.”

“तो तुझा ऐकूचो नाय.”

“आज नाय तर उद्या ऐकतलो.”

ती निघालीसुद्धा. गोकुळदास तिच्याकडे बघत उभे राहिले, मग टोपी डोक्यावर सारखी केली.

“थांब गे,” ते म्हणाले. “मीय येतंय.”