फुलवंताबाईंच्या मनगटावरचे घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. माझ्यात बॅटरी नाही, दिवा नाही, आणि मला कुणाचा फोनही येत नाही. सकाळी कुणी चावी दिली, की दुसऱ्या सकाळपर्यंत चालायचे, एवढेच मला येते. तेवढ्या कामात माझे आयुष्य छान गेले. मध्ये काही दिवस वाईट आले, त्यांचीही गोष्ट तुम्हांला सांगते.

माझा जन्म बंगळूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे लांब टेबलांवर मुली रांगेने वाकून बसलेल्या असत. हातात बारीक चिमटा, डोळ्याला भिंग. माझी चाके बसवणाऱ्या मुलीचा चेहरा मला नीट दिसलाच नाही, तिचा भिंगामागचा मोठा डोळा तेवढा दिसला. तिने शेवटचा स्क्रू आवळला आणि माझ्यात धडधड सुरू झाली.

तिथून मी नंदुरबारच्या दुकानात आले आणि प्रकाशा गावच्या चुनीलाल पाटलांनी मला घेतले. तापीकाठचा हा गुजर शेतकरी. त्या वर्षी कापूस चांगला आला होता, म्हणून हौसेने त्यांनी मला मनगटावर बांधले. वेळ विचारायला कुणी आले नाही, तर ते स्वतःच मोठ्याने सांगत.

त्यांची मुलगी फुलवंता नर्सचे शिक्षण घेऊन आली आणि तिची नेमणूक सातपुड्यात धडगावच्या बाजूला झाली. भाऊबंदांना ते पटले नाही. वयात आलेली मुलगी एकटी डोंगरात पाठवतात का, असे घरी येऊन बोलले. चुनीलालांनी सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावले. ती निघाली त्या सकाळी बसथांब्यावर त्यांनी मला काढले आणि तिच्या हातात ठेवले.

"बापा, हाई तुमनं शे," ती म्हणाली.

"नाडी मोजाले शेकंदना काटा लागस," चुनीलाल म्हणाले. "मन्हा हातमा त्यानं काय काम? ढोरे काय घड्याय देखीसन दूध देतस?"

पट्टा तिला सैल होत होता. शेजारी चप्पल शिवणाऱ्याकडून दाभण मागून त्यांनी पट्ट्याला आतल्या बाजूला नवे भोक पाडले. बस आली. मी पुरुषी घड्याळ, चांगले मोठ्या तबकडीचे, त्या बारीक मनगटावर बसून डोंगराकडे निघाले.

मित्रांनो, माझी खरी कामाची वर्षे ती. पायवाटांनी चढ चढायचा, नाले ओलांडायचे, आणि पाड्यावर पोहोचले की कुणाचे तरी तापलेले मनगट फुलवंताबाईंच्या बोटांखाली यायचे. त्यांची नजर माझ्या सेकंदकाट्यावर आणि ओठ हलत असलेले. त्या वेळी आजूबाजूची माणसेही श्वास धरून माझ्याकडे बघत. माझा तेव्हा केवढा मान होता.

पुढे धरणामुळे नर्मदेचे पाणी चढले. काठावरच्या मणिबेली गावाला जायला बोटीशिवाय वाट उरली नाही. एकदा भर दुपारी आम्ही तिथे उतरलो, तेव्हा कमलीबाई नावाची बाई बाळंतपणात फार थकली होती. मूल झाले, रडले, पण आईचे हातपाय गार पडत चालले. फुलवंताबाईंनी जे करायचे ते केले, बायकांना पाणी तापवायला लावले, आणि तिचे मनगट धरून बसल्या. हळूहळू नाडी भरू लागली. मला कळले, त्यांनाही कळले. मोजून झाले होते, तरी त्यांनी हात सोडला नाही.

कमलीबाई डोळे न उघडता आपल्या बोलीत म्हणाली, "बाई, अजून मोजतेस?"

"हो, अजून मोजते," फुलवंताबाई म्हणाल्या.

फुलवंताबाईंचे लग्न प्रकाशातल्याच ईश्वर पाटलांशी झाले. केळीचे मळे करणारा हा माणूस बोलायला अगदी कमी. बायको आठवडाभर डोंगरात असते म्हणून लोक चिडवत, तो नुसता हसत असे. काही वर्षांनी बाईंची बदली तापीकाठच्या गावांत झाली आणि दोघांचा संसार एका घरात सुरू झाला. तेव्हापासून सकाळी मला चावी देण्याचे काम ईश्वरभाऊंनी आपल्याकडे घेतले. बाई चुलीपाशी असत, हात पिठाचे. ते मला उचलून कानाशी न्यायचे, दोन बोटांत चावी धरून सावकाश फिरवायचे आणि मला चहाच्या कपाशेजारी ठेवायचे. बाई निवृत्त झाल्या तरी हा नेम मोडला नाही.

मग बाई आजारी पडल्या. दवाखान्यात सलाईन लावताना कुणीतरी मला त्यांच्या मनगटावरून काढून औषधांच्या पिशवीत टाकले. मी त्या पिशवीत राहिले. बाई घरी परत आल्या नाहीत, मी आले. पिशवी कपाटावर गेली आणि मी थांबले.

सारे पाहुणे गेल्यावर, बऱ्याच दिवसांनी ईश्वरभाऊंना मी सापडले. त्यांनी मला धोतराच्या टोकाने पुसले आणि चावी दिली. मी चालले नाही. त्यांनी आणखी थोडी दिली, मग आणखी थोडी. मी सगळा जोर लावला, पण आतले चाक हलेना. चावी घट्ट होऊन थांबली, तशी त्यांची बोटेही थांबली.

त्या दिवसापासून ते मळ्यात जाईनासे झाले. ओट्यावर बसायचे, मी हातात. सून सीमा जेवायला हाक मारी, तर "ठेव," एवढेच म्हणत. त्यांची मुलगी गायत्री म्हसावदला शिक्षिका आहे. सुट्टीत ती आली आणि बापाची ही दशा पाहून शेजारी बसली.

"काय व्हयनं, बापा?"

"मन्हाच हातथीन मोडनं हाई," ईश्वरभाऊ म्हणाले. "इतला वरीस भरी चावी, अन् आते तिना मांगे मोडी टाकं."

गायत्रीने मला रुमालात बांधले. आईच्या वारशात तिने माझ्याशिवाय दुसरे काही मागितले नव्हते. आता हे घड्याळ चालते करायचेच, असे तिने ठरवले.

मित्रांनो, ठरवणे सोपे होते. चांगला कारागीर शोधणे किती कठीण, ते तिला पुढे कळले. नंदुरबारला काचेच्या एका चकचकीत दुकानात तिने मला नेले. दुकानदाराने माझे पाठीचे झाकण उघडले, एक नजर टाकली आणि म्हणाला, "हे मशीन काढून टाकू मॅडम. बॅटरीचं बसवून देतो. बाहेरून अगदी असंच दिसेल, चावीची कटकटही नाही." माणूस वाईट नव्हता, जे करणार ते तोंडावर सांगत होता. पण बाहेरून मी आणि आतून दुसरेच कुणी, हे गायत्रीला नको होते. तिने मला परत रुमालात बांधले.

नंतर एका ओळखीच्याने शहाद्याचा एक कारागीर सांगितला. तो गोड बोलला, "बिनधास्त ठेवून जा," म्हणाला. त्याने मला फार दिवस ठेवले. माझी तबकडी खरवडून तिच्यावर नवा रंग दिला, आकडे जरा वाकडेच छापले. माझी जुनी चावी काढून स्वतःच्या डबीत टाकली आणि दुसरी हलकी, पिवळी चावी मला लावली. मी घरी एक दिवस चालले आणि पुन्हा बंद पडले. गायत्री परत गेली आणि चावीवर बोट ठेवून म्हणाली, "ही आमची नाही."

"तीच आहे ताई. पुसली म्हणून वेगळी वाटते," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी जाताना बसमध्ये गायत्री मला मुठीत धरून खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या आईची ओळख सांगणारी प्रत्येक गोष्ट आपण एक-एक करून गमावतो आहोत, असे तिला वाटत असावे. मलाही तसेच वाटत होते.

यातून वाट काढली ती दिपालीने. दिपाली ही फुलवंताबाईंच्या हाताखाली शिकलेली नर्स. ती तळोद्याला असते. गायत्रीचा फोनवरचा आवाज ऐकून ती म्हणाली, "इथे उदेसिंग पाडवी आहे. जे जमत नाही त्याला तो नाही म्हणतो. माझ्या दोन घड्याळांना नाही म्हणालाय. तू ये."

उदेसिंगचे दुकान म्हणजे बाजाराच्या रस्त्यावर एक टपरी, एक टेबल आणि एक बाक. त्याने मला उघडले आणि बराच वेळ भिंगातून बघितले. मग भिंग गायत्रीला दिले आणि आतली चाके दाखवली. "तबकडीचा रंग आता परत येणार नाही. तुमची चावी गेली ती गेलीच, पण तसल्याच जुन्या घड्याळाची एक माझ्याकडे आहे, ती बसवीन. मशीन तुमचंच आहे. चालेल की नाही ते पूर्ण खोलल्यावर सांगेन. जे काढीन ते पुडीत बांधून तुम्हांला देईन."

गायत्रीने मला त्याच्या हवाली केले, पण दुकानाबाहेर पडल्यावर दोनदा वळून पाहिले.

आणि मित्रांनो, नको तेच झाले. उदेसिंगने माझे सगळे भाग सुटे केले, धुतले, वाळवले. परत बसवताना मधल्या नाजूक चक्राची दांडी त्याच्या चिमट्याखाली मोडली. ते चक्र म्हणजे माझे हृदयच. माझ्या अंगात आवाज असता, तर मी ओरडले असते. उदेसिंगने चिमटा खाली ठेवला. दुकानात दुसरे कुणी नव्हते. 'घड्याळ जुनं होतं, नाही झालं,' असे तो म्हणाला असता, तर कुणाला कधी कळले नसते. त्याने हात पुसले आणि फोन उचलला.

"ताई, तळोद्याहून उदेसिंग बोलतो. तुमच्या घड्याळाची एक दांडी माझ्या हातून मोडली. चूक माझी आहे. सुरतेला माझ्या ओळखीचे जुने घड्याळवाले आहेत, त्यांच्याकडे शोधतो. वेळ लागेल. नाही मिळाली, तर तेही सांगेन."

गायत्री तेव्हा प्रकाशालाच होती. मागाहून मला कळले, की ती फार संतापली. फोन ठेवून ती बापासमोर वाटेल ते बोलली. ईश्वरभाऊंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "त्यानी सोता सांगं?"

"हां. सोताच फोन करा."

"मंग माले त्याले देखानं शे," ईश्वरभाऊ म्हणाले. ते उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि थांब्याकडे चालू लागले. त्या चावीच्या दिवसानंतर ते पहिल्यांदा घराबाहेर पडत होते. गायत्री मागे धावली.

टपरीसमोर म्हातारा आणि गायत्री उभे राहिलेले पाहून उदेसिंगने हातातले काम खाली ठेवले. "काका, भांडाले येल व्हशात, तर बसा पहिले," तो म्हणाला.

"भांडाले नही येल. तुले देखाले येल शे." ईश्वरभाऊ बाकावर बसले. माझे सुटे भाग टेबलावर एका झाकणाखाली होते. त्यांनी ते पाहिले आणि नजर वळवली. मग अगदी हळू विचारले, "एक ईचारू? ते बंद पडनं, ते मन्हा हातथीन का? चावी जास्ती भराई गयी का?"

"नही काका," उदेसिंग म्हणाला. त्याने झाकण उचलले आणि चिमट्याने माझी स्प्रिंग दाखवली. ती धड होती. "चावीनं काहीच नही व्हयनं. आतलं तेल सुकी गयथं. तुमना हातना दोष नही. जे मोडनं, ते मन्हा हातथीन मोडनं."

ईश्वरभाऊंनी मान हलवली. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि उपरण्याने तोंड पुसत राहिले. गायत्री रस्त्याकडे तोंड करून उभी होती. उदेसिंगने चहा सांगितला आणि कुणाकडे न बघता आपले काम पुन्हा हाती घेतले.

दांडी मिळायला पावसाळा उलटला. तोवर दर बाजाराच्या दिवशी ईश्वरभाऊ तळोद्याला येऊ लागले. आधी माझी दुरुस्ती कुठवर आली ते विचारत, मग बाकावर बसून राहत. येताना मळ्यातली केळी आणत, म्हणजे ते मळ्यात जाऊ लागले होते. हळूहळू ते बोलूही लागले. बाई डोंगरातून घरी यायच्या तेव्हा त्यांच्या पायांना कसे फोड असत, मी चहाच्या कपाजवळ दिसले नाही तर त्या कशा रागावत, हे सगळे त्यांनी उदेसिंगला सांगितले. गायत्री एकदा त्यांच्याबरोबर आली आणि आईच्या कितीतरी गोष्टी तिने तिथेच, टपरीवर, पहिल्यांदा ऐकल्या.

शेवटी सुरतेहून दांडी आली. उदेसिंगने त्या दिवशी दुसरे काम घेतले नाही. चक्र बसले, आणि मी चालू लागले. नंतर बरेच दिवस त्याने मला नजरेखाली ठेवून तपासले.

बाजाराच्या दिवशी ईश्वरभाऊ आले, तेव्हा मी तयार होते. त्यांनी मला कानाशी धरले. मग परत टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "अजून थोडा दिन ऱ्हाऊ दे अठेच. बरोबर चालस का नही, देखी ले."

"बरोबर चालस, काका."

"तरी बी ऱ्हाऊ दे."

उदेसिंगने त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांचा हात पुढे ओढून मला त्यांच्या मनगटावर बांधले. "घड्याय घर ली जा. अन् पुढला बाजारले तुम्हीन या. काम नसनं, तरी या."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे एखादे जुने घड्याळ बंद पडून असेल. त्याला कपाटावर टाकू नका. ते कुणाच्या हातात होते, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. दुरुस्तीला द्याल, तेव्हा चकचकीत दुकान पाहू नका. चुकल्यावर जो स्वतःहून सांगतो, असा माणूस शोधा. आणि तुमच्या हातून कधी काही मोडले, तर त्याच दिवशी सांगा. जे सांगितले जाते, त्याची दुरुस्ती सुरू होऊ शकते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी ईश्वरभाऊंच्या मनगटावर बसून तळोद्याला गेले. दुरुस्त करण्यासारखे आमच्याकडे काहीच नव्हते.