घड्याळाच्या तेलाची बाटली

साठी उंबरठ्यावर आली तरी घड्याळजींच्या डोक्यावर एकही पांढरा केस नव्हता, आणि ही गोष्ट त्यांनी आपल्या गल्लीत कोणालाही विसरू दिली नव्हती. घड्याळात सेल घालायला आलेलं गिऱ्हाईक सेलबरोबर थोडं आरोग्यशास्त्रही घेऊन जाई. "थंड पाण्याने अंघोळ," डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून ते सांगत, म्हणजे डोकं आपोआप गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर येई. "आणि बाजारातलं काही म्हणजे काही अंगाला फासायचं नाही. सगळी रसायनं आहेत हो ती. विष!" मिशासुद्धा काळ्याभोर होत्या. लोक माना डोलवत आणि घरी जाऊन गरम पाण्यानेच अंघोळ करत.

आता खरं सांगायचं तर दुकानाच्या मागच्या खोलीत, फळीवर अगदी मागे, 'घड्याळाचं तेल' अशी चिठ्ठी चिकटवलेली एक तपकिरी बाटली होती, आणि तिच्यात कलप होता. अधूनमधून दुपारच्या वेळी शटर अर्धं ओढून घड्याळजी तो वाटीत अंदाजाने कालवत आणि घड्याळाची चाकं साफ करायच्या ब्रशने लावत. मागच्या खोलीतल्या नळाची धार दोऱ्याएवढी. त्यात शटरवर कोणी थाप मारली की डोकं धुणं अर्धवटच आटपावं लागे. बोटं काळी झाली तरी चिंता नव्हती. घड्याळजीची बोटं काळी असायचीच. इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं, आणि बिनबोभाट चाललेलं पाप हळूहळू पुण्यासारखं दिसायला लागतं.

त्यांची बायको जवळच्याच शाळेत शिशुवर्गाला शिकवायची. सगळे तिला बाई म्हणत. बाई नवऱ्यापेक्षा चांगल्या चार वर्षांनी लहान, पण डोकं पांढरंफटक. एकदा दुकानात डबा घेऊन आल्या तेव्हा एका नव्या गिऱ्हाइकाने घड्याळजींना विचारलं, "आई का तुमच्या?" बाई खळखळून हसल्या. संध्याकाळी मात्र त्या गप्प गप्प होत्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून कलपाचं पाकीट आणलं.

"तू? कलप?" घड्याळजी तेव्हा केवढे चिडले होते. "रसायनं डोक्यावर ओतून घेणार? माझ्या घरात हे चालणार नाही."

बाई पाकीट परत द्यायला गेल्या. दुकानदाराने चार माणसांदेखत कारण विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "घरी चालत नाही." त्या वेळीही फळीवर ती बाटली होतीच. घड्याळजींच्या मनाला हे खटकलं असेल असं कोणाला वाटत असेल, तर त्याने ते मनातून काढून टाकावं. खोटं नीट चालवायचं तर आधी स्वतःला पटवावं लागतं, आणि घड्याळजी कामात चोख होते.

मग एका सकाळी बाईंचा गाल उठला. आधी लाल, मग खरबरीत, मग पापणी इतकी सुजली की डोळा उघडेना. खाज अशी की त्या रडकुंडीला आल्या. शाळेतल्या मुलांच्या आयांनी आपापली पोरं त्यांच्यापासून लांब बसवायला सुरुवात केली. मुख्याध्यापिकेने त्यांना बोलावून घेतलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, "बाई, घरी आराम करा. आता उन्हाळ्याची सुट्टी लागेलच, ती संपेपर्यंत बऱ्या झालात तर उत्तम. नाहीतर वर्ग नवीन शिक्षिकेकडे द्यावा लागेल." बाईंना स्वतःचं मूल नव्हतं. तो वर्ग म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

घड्याळजी घाबरले, हे खरंच. पण घाबरलेल्या माणसाला भाषण फार लवकर सुचतं. "मी कधीपासून सांगतोय!" असं म्हणत ते न्हाणीघरात शिरले आणि बायकोची क्रीम, पावडर, वासाचा साबण, शाम्पू, हाताला लावायचं मलम, सगळं एका पिशवीत भरून कचऱ्यात टाकून आले. त्यांनी टूथपेस्टही सोडली नाही. बाई साध्या पाण्याने तोंड धुऊ लागल्या आणि मिठाने दात घासू लागल्या.

गाल होता तसाच राहिला, उलट कपाळही उठलं.

"लपवून काही लावत नाहीस ना?" घड्याळजींनी एकदा विचारलं.

"नाही हो," बाई म्हणाल्या. "मला कुठे जमतं काही लपवायला?"

घड्याळजींनी घाईघाईने पेपर उघडला.

शेवटी बाईंची धाकटी बहीण आली आणि ताईला आपल्या घरी घेऊन गेली. हिच्या घरी न्हाणीघर म्हणजे अत्तराचं दुकान. साबण गुलाबी, शाम्पू हिरवा, अंगाला लावायचं दूध वेगळं आणि केसांना लावायचं वेगळं. बाई चार दिवस बिचकल्या, मग त्यांनी सगळं वापरलं. आठवड्याभरात गाल लख्ख झाला. त्या आनंदाने घरी परतल्या आणि दोन रात्रीत पापणी पुन्हा टम्म.

धाकटी तडक दुकानातच आली. "भाऊजी, निदान झालं," गिऱ्हाइकांसमोर ती म्हणाली. "ताईला साबणाची नाही, तुमची ॲलर्जी आहे."

संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीभर पसरली. त्यानंतर जो येई तो घड्याळ काउंटरवर ठेवून चेहरा गंभीर करून विचारी, "बाई कशा आहेत? लांबूनच बोलता ना?" घड्याळजी भिंगात डोळा खुपसून बसत. हसणाऱ्यांचं हसू ते सहन करत होते, पण घरी गेल्यावर बाई अंथरुणाच्या कडेला अंग चोरून बसलेल्या दिसत, ते त्यांना सहन होत नव्हतं.

त्वचेच्या डॉक्टर बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. "घरातलं जे जे अंगाला लागतं ते सगळं घेऊन या," त्यांनी सांगितलं. "दोघांचंही. त्याचे कण पाठीवर चिकटवायचे, माझ्याकडच्या पट्ट्याही लावायच्या. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही. मग कुठली जागा लाल होते ते बघू."

पिशवी घड्याळजींनी स्वतः भरली. धाकटीकडून क्रीम, पावडर, शाम्पू मागवून आणले, कारण घरचे तर कचऱ्यात गेले होते. आपला दाढीचा साबण घातला, कपड्यांची पावडर घातली, भांड्यांचा साबण घातला. कुठेही कसूर राहू नये म्हणून दाराच्या मुठीला लावायचं पॉलिशही घातलं. मग ते दुकानाच्या मागच्या खोलीत गेले आणि तपकिरी बाटलीसमोर उभे राहिले. हात पुढे गेला, मागे आला. डॉक्टर म्हणाल्या होत्या, घरातलं जे जे. ही तर दुकानातली! आणि बायकोच्या अंगाला ती कुठे लागते? घड्याळजींनी शटर ओढलं आणि हलक्या मनाने घरी आले.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी बाईंच्या पाठीवरच्या पट्ट्या सोडवल्या. क्रीम निर्दोष होती. पावडर, साबण, शाम्पू, सगळे निर्दोष. ज्यांना ज्यांना फाशी झाली होती ते एकजात निरपराध निघाले. डॉक्टरांच्या स्वतःच्या पट्टीखाली मात्र एक चौकोन लालबुंद, फोडांनी भरलेला होता.

"कलप," डॉक्टर म्हणाल्या. "काळ्या कलपातलं रसायन. लावता का?"

बाईंनी हसून स्वतःच्या पांढऱ्या डोक्याकडे बोट दाखवलं.

"मग घरात कोण लावतं?"

"कोणीच नाही हो. आमच्या ह्यांना तर गरजच नाही." बाईंचा आवाज, त्या सुजलेल्या डोळ्यासकट, अभिमानाने भरला होता. "एक पांढरा केस दाखवा!"

डॉक्टरांनी घड्याळजींच्या कानामागे पाहिलं. तिथली कातडी जरा जास्तच काळी होती. "कारण सापडलं नाही तर गाल पुन्हा पुन्हा उठणार," एवढंच त्यांनी सांगितलं. "गोळ्या देता येतील. पण त्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या नसतात."

"मग शाळा सोडते मी," बाई हळूच म्हणाल्या. "माझंच कुठेतरी चुकत असणार. ह्यांनी बिचाऱ्यांनी घरातलं सगळं काढून टाकलं, तरी मी कुठून तरी लावून घेतेच आहे."

आयुष्यात घड्याळजींना स्वतःची लाज अशी कधी वाटली नव्हती.

"मी लावतो," ते म्हणाले.

मग डॉक्टरांनी चौकशी केली आणि घड्याळजींनी शाळकरी पोरासारखी उत्तरं दिली. अंदाजाने कालवतो. पाणी कमी असतं. नीट धुतलं जात नाही. झोपायला? एकच लांब उशी आहे, दोघांत. अभ्रा गडद निळा, मीच निवडलेला. सकाळी बायको उशी उन्हात टाकते, रात्री ठेवताना उजवी बाजू कधी डावीकडे जाते, कोण बघतं?

"म्हणजे तुमचं डोकं जिथे असतं, तिथे दुसऱ्या रात्री यांचा गाल," डॉक्टर म्हणाल्या. "उघड उघड लावला असता, नीट धुतला असता, तर कदाचित एवढं झालंही नसतं."

घड्याळजी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. बाई आत बराच वेळ डॉक्टरांशी बोलत होत्या. घरी येताना त्यांनी एकच विचारलं.

"मी पाकीट आणलं होतं, तेव्हा लावत होतात?"

"हो."

त्यानंतर त्या घरापर्यंत बोलल्या नाहीत. त्या गप्पपणापेक्षा त्यांनी भांडी आपटली असती तर घड्याळजींना बरं वाटलं असतं.

बाटली गेली. अभ्रा गेला, उशी गेली, दोन छोट्या उशा आल्या. सुट्टी संपायच्या आत बाईंचा गाल स्वच्छ झाला आणि त्या आपल्या पोरांमध्ये परत गेल्या. इकडे घड्याळजींच्या डोक्यावर मुळापासून पांढरं वर येऊ लागलं. मिशा तर बघता बघता कापसाच्या झाल्या. आता गल्लीत काय तोंड दाखवायचं, या विचाराने त्यांना धास्ती भरली होती.

पण गल्लीने स्वतःच निदान केलं. "बायकोच्या काळजीने केस पांढरे झाले हो!" असं म्हणत लोक हळहळले. "नवरा असावा तर असा." जे 'लांबूनच बोलता ना' म्हणून चिडवत होते, ते आता काउंटरवर हात जोडू लागले. घड्याळजींनी मोठ्या निर्धाराने एकाला सांगून टाकलं, "अहो, काळजी कसली! कलप लावत होतो मी, तो सोडला." त्या गृहस्थाचे डोळेच भरून आले. "बायकोला वाईट वाटू नये म्हणून स्वतःवर घेताय," तो म्हणाला. "केवढं मोठं मन!" यापुढे खरं बोलण्याचा घड्याळजींनी फारसा आग्रह धरला नाही. नाव पूर्वी काळ्या केसांवर झालं होतं, आता पांढऱ्यांवर झालं, आणि पूर्वीपेक्षा जास्तच.

अशा वाहवेत माणसाचं मन खरोखर मोठं होतं. एका संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून घड्याळजी कलपाचं एक पाकीट घेऊन आले. सगळ्यात भारी, गर्द काळं. ते त्यांनी बाईंच्या समोर ठेवलं.

"लाव," ते म्हणाले. "मी तेव्हा चुकलो. आता तू लाव. मी स्वतः नीट कालवून देतो, बादलीभर पाण्याने धुऊन देतो."

बाईंनी मुलांच्या पाट्या पुसता पुसता पाकिटाकडे पाहिलं. मग आरशाकडे, आणि मग नवऱ्याकडे.

"तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात ना, तेव्हा मी डॉक्टरांना हेच विचारलं," त्या म्हणाल्या. "आता तरी मी लावू का? त्या म्हणाल्या, नाही. एकदा अंगाने धरलं की जन्मभर धरलं. एक थेंबही चालायचा नाही. त्या वेळी लावला असता तर कदाचित चाललाही असता."

घड्याळजी उभेच राहिले.

बाईंनी पाकीट उचलून त्यांच्या हातात दिलं.

"परत देऊन या," त्या म्हणाल्या. "आणि दुकानदाराने कारण विचारलं ना, तर सांगा, घरी चालत नाही. मीही तसंच सांगितलं होतं."