चौथ्या केसाचा खड्डा

प्रयोगशाळेत तिला सगळे माशीबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. एकोणीस वर्षं माश्यांची नावं लावण्यात गेल्यावर माणसांनी आपल्याला काय नाव दिलंय याचा विचार कोण करतो? कामात मात्र कुणी खोट काढलेली तिला खपत नसे. तशी कुणी काढलीही नव्हती, आणि हेच पुढे नडलं.

कोबी कुरतडणाऱ्या अळीचा बंदोबस्त करायला तिथे एक माशी वाढवत. ही माशी अळीच्या अंगावर अंडं घालते आणि अंड्यातून निघालेला किडा अळीला आतून खाऊन संपवतो. पण अगदी तिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक माशी आहे. तिला कोबीची अळी चालते आणि रेशमाची अळी तर फारच आवडते. रंग तोच, पाठीवरचे पट्टे तेच. फरक एवढाच की पंखाखाली, छातीच्या बाजूला जी इवलीशी पाटी असते, तिच्यावर कामाच्या माशीला तीन राठ केस असतात आणि घातकी माशीला चार.

मागच्या आठवड्यात माशीबाईने दहा माश्या तपासल्या होत्या. दहाही माश्यांना तीनच केस निघाले. तिने डोळे मिटून सही ठोकली, आणि आज दुपारी माश्यांच्या आठ पेट्या गाडीत चढल्या. चार वाजता त्या कोबीच्या शेतात उघडायच्या होत्या. शेतांपलीकडच्या टेकडीला लागून तिच्या ताईचं रेशीमघर होतं, आणि ताईच्या अळ्या दोन दिवसांत कोष विणायला बसणार होत्या.

प्रत्येक खेपेतली एक माशी टाचून खणात ठेवायची, असा तिथला नियम. गाडी गेल्यावर रिकाम्या पिंजऱ्याच्या तळाशी एक मेलेली माशी सापडली, ती माशीबाईने टाचणीवर घेतली. चिठ्ठी लिहिण्याआधी सवयीने भिंगाखाली धरली. केस चार होते.

तिने डोळे चोळले आणि पुन्हा मोजले. चारच. चौथा अगदी बारीक, पण होता.

"भरकटलेली असेल एखादी," ती स्वतःशीच पुटपुटली. तरी तिने खण ओढून मागच्या आठवड्यातल्या दहा माश्या काढल्या. पहिलीला केस तीन. दुसरीला तीन. तिला जरा हायसं वाटलं, आणि तेवढ्यात तिला खड्डेकाका आठवले.

खड्डेकाका म्हणजे तिच्या आधी या खुर्चीवर बसणारे म्हातारे तपासनीस. केस गळला तरी तो जिथे रुजलेला असतो तिथे खळगा राहतो, म्हणून काका केस मोजतच नसत, खड्डे मोजत. एका माशीला अर्धा तास लावत. सगळा विभाग त्यांची टिंगल करायचा, आणि त्यात माशीबाईचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा.

तिने दिवा वाकडा केला. उजेड आडवा पडल्याबरोबर पहिल्या माशीच्या पाटीवर तीन केसांच्या खाली एक काळा ठिपका दिसला. दुसरीच्याही होता. तिसरीच्याही. दहाही माश्या एकाच कुपीत कोंबून आल्या होत्या, एकमेकींवर घासल्या होत्या, आणि सगळ्यांत नाजूक केस सगळ्यांचाच तुटला होता. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

तिने ड्रायव्हरला फोन लावला. लागेना. ती तशीच साहेबांच्या खोलीत शिरली.

"पेट्या थांबवायला हव्यात. माशी चुकीची आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, सही तुमचीच आहे ना?"

"माझीच आहे."

"शेतकरी सकाळपासून वाट बघतायत. एका केसासाठी गाडी परत बोलावू? आणि वरच्यांना काय लिहून देऊ?"

क्षणभर तिच्या जिभेवर कुपीचं नाव आलं, ती कुपी भरणाऱ्याचंही आलं. तिने दोन्ही गिळली. "लिहा की तपासणारीने केस मोजले, खड्डे मोजले नाहीत."

साहेबांनी स्वतःचा फोन तिच्यापुढे सरकवला आणि शेतावरच्या मुकादमाचा नंबर लावून दिला. पहिल्यांदा नुसती खरखर. दुसऱ्यांदा कुणी उचललाच नाही. तिसऱ्यांदा मुकादमाने उचलून ड्रायव्हरच्या हातात दिला, तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती.

"दादा, पेट्या उघडू नका."

"एक उघडली की, बाई. लवकर पोचलो, म्हटलं उगाच कशाला बसून राहायचं. उजेड दिसल्याबरोबर भर्रकन गेल्या सगळ्या."

"बाकीच्या सात?"

"बंद आहेत."

"हातही लावू नका. तशाच परत आणा."

एका पेटीत पाचशे माश्या. वारा टेकडीच्या दिशेने होता, हे तिला खिडकीबाहेरच्या दोरीवर फडफडणाऱ्या फडक्यांवरूनच कळत होतं. आता एकच फोन उरला होता आणि तो तिला जिवावर आला होता. तिने तो लावला.

"ताई, खिडक्यांना बारीक जाळ्या लाव. लगेच. तुझ्याकडे माशी येईल."

"कसली माशी?"

"रेशमाची अळी खाणारी. पाचशे सुटल्यात."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. ताईने वर्षभराची मेहनत त्या एका खेपेत घातली होती, आणि हे माशीबाईला जितकं ठाऊक होतं तितकं दुसऱ्या कुणालाही नव्हतं.

"अशा कशा सुटल्या?" ताईने विचारलं. "तुमच्याकडे तपासतात ना? कोण गाढव तपासतं?"



"मी, ताई."

ताई म्हणाली, "बावीस खिडक्या आहेत, आणि मला हात दोनच."

फोन बंद झाला. माशीबाईने माश्या वाढवायच्या खोलीतला बारीक जाळीचा अख्खा गठ्ठा खांद्यावर घेतला, खिळ्यांचा डबा उचलला आणि कुणाला न विचारता बाहेर पडली. टेबलावरचा दिवा तसाच वाकडा जळत राहिला.